सुडाच्या बाभळी

माज्या मालकाला उनानं नेलं, पर उनाला म्या कदी शिवी दिली न्हाय. उनाला काय कळतंय? शिव्या दिल्या त्या भट्टीवाल्याला. रोज सकाळी चूल पेटवायच्या आदी त्येच्या ईटभट्टीच्या धुराकडं तोंड करायची आन दोन्ही हातांची बोटं कडाकडा मोडायची. सून म्हणायची, "आत्या, आदी भाकरी थापा, मंग बोटं मोडा. तुमची भाकरी कडंला जाड ऱ्हातीया."

"जाड तर जाड. खा गप."

हे लिवून घेणारी बी तीच. मी दुसरीपातूर शाळंत गेले, मंग शेरडांमागं गेले ती गेलेच. ती बारावी शिकलीया. तिला म्या सांगून ठिवलंय, मी बोलतीया तसंच लिव, गोड करू नगंस.

आमी मेंढरंवाली माणसं. गाव सांगोल्याच्या अंगाला, माळावर. दिवाळी झाली की मेंढरं घिऊन मोडनिंब, टेंभुर्णीकडं जायाचं. तिकडं पाणी हाय, ऊस हाय. बागायतदार आपल्या रानात मेंढरं बसवून घेत्यात. मेंढरांच्या लेंड्यांचं त्येंच्या रानाला खत हुतं, आमाला जुंदळा मिळतो. उनाळ्याच्या तोंडाला माघारी गावाकडं यायचं, आन मंग उनाळाभर आमचा समदा जीव एका ओढ्यावर. ओढ्यात पाणी न्हाय, नुसती वाळू. पर काठावर पंधरा-ईस जुन्या बाभळी हुत्या. मेंढरू दुपारचं चरत न्हाय, बसतं. सावली घावली तर बसतं. न्हाय घावली तर उभ्या उभ्या येकमेकांच्या पोटाखाली डोस्की घालतं आन धापा टाकतं. आमच्या मेंढरांच्या समद्या दुपारी त्या बाभळीखाली गेल्या. माज्या बी गेल्या, लगीन हुऊन आल्ते तवापास्नं.

भट्टीवाला आमच्याच गावचा. बारका असताना आमच्या वाड्यावर येऊन शेळीच्या आचळाला तोंड लावून दूध प्यायचा. म्या त्येला कदी हाकललं न्हाय, आता वाटतंय हाकलायला पायजे हुतं. मोठा झाला, भट्टी टाकली. ओढ्याकाठची माती ईटंला चांगली. कुटनं तरी परवानगीचा कागद आणला, आन एका हिवाळ्यात यंत्र लावून बाभळी उपटल्या, एका बाभळीचं बुडकं तेवडं निगालं न्हाय. माती भट्टीत गेली, बाभळी बी भट्टीतच गेल्या. बाभळीचं लाकूड लई धग धरतं.

मालक गेल्तं इचारायला. त्यो म्हणला, "मामा, काटेरी झाडं ती. त्येचं काय यवडं मनावर घेताय? शाळंम्होरं फुलाची झाडं लावू की चांगली."

लावली बी. फोटु काढला. पर तवर मालक न्हवतं.

बाभळी न्हायत हे मेंढरांना कोण सांगणार? बारा वाजलं की त्येंचं पाय ओढ्याकडं वळायचं. आमी हाकलून दुसरीकडं न्यायचो, ती परत तितंच जाऊन उभी. त्या दिवशी मालक एकलंच मेंढरांबरुबर हुतं. मी भाकरी घिऊन मागनं गेले. लांबनं दिसलं, मालकांनी दोन काठ्या रवून वर घोंगडं टाकलंय, आन त्या सावलीत एक गाबण मेंढी उभी हाय. मालक सावलीत न्हायत. त्ये भायेर उनात बसल्यात, काठी धरून, मेंढीनं घोंगडं पाडू नगं म्हणून. म्या हाक मारली, वळलं न्हायत. जवळ गेले तर अंग तव्यावानी, घामाचा एक थेंब न्हाय. माज्या तोंडाकडं बगून मलाच इचारलं, "तू कुणाची गं?"

दवाखान्यात न्यायला गाडी हुडकूस्तवर समदं संपलं हुतं. मेंढी जगली.

तिसऱ्या दिवशी भट्टीवाला आला समजूत घालायला. हातात टोपी, मान खाली. समदं बरुबर केलं त्येनं. जाता जाता म्हणला, "मावशे, वय बी झालंतं म्हणा मामांचं."

वय झालंतं. ह्या माणसानं चाळीस मेंढ्यांचं तोंड वळखत माळ तुडवला, एक दात हालत न्हवता त्येंचा, आन ह्यो म्हणतोय वय झालंतं. म्या देवाम्होरचा भंडारा उचलला, कपाळाला लावला आन मनात म्हणलं, तुला मी सोडत न्हाय. त्या ओढ्यात परत तुजा टॅक्टर शिरू देत न्हाय.

आता म्हातारी बाई भट्टीवाल्याचं काय करणार? बोटं मोडायची. त्येनं काय हुत न्हवतं. धूर मजेत वर जायाचा.

आन घरात दुसरंच. सासरं गेल्यापास्नं सुनंनं मोबाईलवर उनाचा आकडा बगायचा नाद लावून घेतला. सकाळी बगायची, भाकरी खाताना बगायची. आज यवडा, उद्या तवडा. मुलगा मेंढरं घिऊन निगाला की दारात आडवी उभी. "अकराच्या आत माघारी या. पाण्याचं दोन कॅन न्या. डोस्क्याला वलं फडकं बांदा." त्यो मुकाट बांदायचा. तिला झोप लागायची न्हाय, अन्न गोड लागायचं न्हाय. तिची भन जुळे सोलापुरात चार घरचा सयपाक करती. ती बोलवायची, इकडं या, फ्लॅटात काम घावतंय, पंख्याखाली तरी ऱ्हाशीला.

एक दिस ती मला म्हणली, "आत्या, मेंढरं इका. ह्यो आकडा दर साल वाढतच जाणार हाय. आमच्या म्हातारपणी ह्या माळावर मेंढरू जगायचं न्हाय, माणूस बी न्हाय. मी तर म्हणतीया, लेकरू बी नगं आपल्याला. कशाला आणायचं ह्या भाजणीत?"

म्या इचारलं, "असं का हुतंय, त्ये सांगतोय का तुजा मोबाईल?"

"सांगतोय की. धूर वर जाऊन साचलाय म्हणं. पिरथिमीवर घोंगडं टाकल्यावानी झालंय. आत उकडतंय, भायेर जाता यीना."

"घोंगडं कुणी टाकलं?"

"समद्यांनीच. भट्ट्या हायत, कारखानं हायत, टेंभुर्णीला हायवेवर गाड्या बगितल्या न्हव का किती वाहत्यात. जुळे सोलापूरला एकेका फ्लॅटाला थंड हवेच्या दोन दोन मशिनी हायत, त्या बी भायेर गरमच हवा सोडत्यात."

"समद्यांनी म्हंजी कुणीच न्हाय. मला एक माणूस दाव."

"तसा एक माणूस नसतोय, आत्या."

"मला घावलाय," म्या म्हणलं. "तू भ्यायाचं काम कर, मी रागवायचं करतीया. बगू कुणाचं काम लवकर उरकतंय."

मला तवा सावली नगं हुती, खरं सांगते. मला काटा पायजे हुता.

त्येचं असं झालं. सकाळी शेरडांचा वाडा झाडताना बाभळीच्या बिया घावत्यात. शेरडू उनाळ्यात बाभळीची शेंग खातं, मंग बसून रवंथ करताना आतली टणक बी भायेर थुकतं. रोज ओंजळभर बी निगतं, आमी ते लेंड्यांबरुबर उकिरड्यात टाकायचो. आन उकिरड्यावर पाऊस पडला की त्येच बी पयलं उगवायचं. शेंगंतलं नुसतं बी रानात टाकलं तर वरसभर मातीत पडून ऱ्हाईल, पर शेरडाच्या तोंडातनं आलेलं बी थांबत न्हाय. हे आमच्यातल्या शेंबड्या पोराला बी ठावं हाय. पर त्येचं कायतरी करावं, असं कदी कुणाच्या मनात आलं न्हाय. त्या दिवशी झाडता झाडता माज्या मनात आलं, ह्येच बी ओढ्याकाठाला टाकलं तर? पयल्या वरसाच्या बाभळीला बी काटा असतो. टॅक्टरचा टायर तिला घाबरतो.

सुनंला म्हणलं तर ती हसली. सासरं गेल्यापास्नं पयल्यांदा. "आत्या, तुमी सुडासाठी झाडं लावणार?"

"लोकं फोटुसाठी लावत्यात. त्येच्यापरास बरं."

उनाळाभर बी गोळा केलं, एक गोणी. मिरगाच्या आदी ओढ्याकाठी, त्येनं जिथं जिथं खड्डं पाडलं हुतं तिथं, काठीनं भोक पाडून चार चार बिया आन मूठभर लेंड्या टाकल्या. माजी कंबर वाकत न्हाय म्हणून भोक मी पाडायची, बी सून टाकायची. दसऱ्यापातूर हातभर रोपं आली. बारकी बारकी पानं, आन त्येच्या बुडाला पांढरा काटा. मी त्येच्याकडं बगून भट्टीवाल्याचं टायर आठवायची आन जिवाला गार वाटायचं.

आन मंग घात झाला.

दुसरं कुणी न्हाय, म्याच केला. दिवाळी चार दिसांवर हुती. मुलाला ताप हुता म्हणून शेरडं घिऊन मी गेले. ऊन दिवाळीचं असून चैतावानी. मी चालतीया, डोस्क्यात फराळाचं, आन पाय आपलं चालत्यात. लगीन झाल्यापास्नं ज्या वाटंनं गेलं त्याच वाटंनं. ओढ्यावर आले, जुन्या बाभळीच्या बुडक्याला पाठ लावून बसले, पदर डोळ्यावर घेतला. सावली न्हाय ह्येची बी सुद न्हाय. जरा डोळा लागला. उठून बगतीया तर शेरडं खड्ड्याखड्ड्यातनं मान वर काढून मलाच बगत्यात. एक रोप न्हाय ठिवलं. काट्यासकट. शेरडाला काट्याचं काय?

मी तितंच बसून ऱ्हायले. माजा सूड माज्याच शेरडांनी खाल्ला, आन त्येंना तितवर न्यायला माजंच पाय. ह्येचा दोष भट्टीवाल्यावर बी घालता यीना.

घरी येऊन म्होरकी शेळी खुट्याला बांदली आन तिला इळभर वैरण टाकली न्हाय. सून म्हणली, "तिचा काय गुना? तिला ठावं हुतं का तुमचं वैर हाय?"

"माज्या घरचं खाती, ठावं पायजे."

सांजच्याला सुनंनंच तिला सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी सून मोबाईल बगायच्या जागी कागद घिऊन बसली. म्हणली, "पुढच्या साली कुपाटी घालायची. येड्या बाभळीची." येडी बाभळ म्हंजी ती परदेशी काटेरी झुडपं, कुटं बी माजत्यात आन त्येंचा पाला शेरडू तोंडात घेत न्हाय. "आन समद्या मेंढरंवाल्यांना सांगायचं, ओढ्यावर तीन वरसं कुणी मेंढरं न्यायची न्हायत."

"आपल्यातली ऐकायची न्हायत," म्या म्हणलं.

"तुमी बोटं मोडली की ऐकत्यात."

पुढच्या पावसाळ्यात परत बी टाकलं. ह्या टायमाला आमी दोगीच न्हाय, वस्तीवरच्या सात-आठ बायका आल्या. काय बाया सावलीसाठी आल्या, काय माज्या तोंडाला घाबरून आल्या. एकेका रोपाभवती काट्याचं कडं केलं. हात रक्तबंबाळ. सून रोज फिरून बगायची कुटलं कुपाण ढिलं झालंय, कुटलं रोप मान टाकतंय. आकडा बगायचीच, पर आता म्हणायची, "आत्या, उद्या लई तापणार हाय, बुडात वाळलं गवत घालून या." भ्या तेवढंच हुतं तिचं. पर आता त्ये कामाला लागलं हुतं, बसून खात न्हवतं. दिवाळीला मुलगा भावकीबरुबर मेंढरं घिऊन टेंभुर्णीकडं गेला, मधनंमधनं एक-दोन दिस घरी येऊन जायाचा. आमी दोगी राखणीला गावातच ऱ्हायलो.

आन शिमग्याच्या आदी अवकाळी पाऊस आला. गारा सुदा. पाऊस यायचं ते दिवसच न्हवत. आमची रोपं कुपाणात हुती, पानं झडली पर मुळं टिकली. सांजच्याला कळलं, भट्टीवाल्याच्या कच्च्या ईटा समद्या गेल्या.

मी धुतलेलं लुगडं नेसले आन बगायला गेले. व्हय, मुद्दाम गेले. दोन वरसं ह्या दिवसाची वाट बगत हुते.

ईटांच्या रांगाच्या रांगा चिखल हुऊन बसल्या हुत्या. चिखल वगळीनं ओढ्याकडं चालला हुता, जिथनं आणला तिकडंच. भट्टीवाला घमेलं पालथं घालून त्येच्यावर बसला हुता. मला बगून उटला न्हाय. म्हणला, "बगा मावशे. हे दिवस हायत का पावसाचं? माज्या बापानं ह्या दिवसात कदी ढग बगितला न्हाय."

माज्या तोंडात बोलणं तयार हुतं. दोन वरसं घासून ठिवलेलं. पर त्यो जे म्हणला ते म्या कुटंतरी ऐकल्यावानी वाटलं. माजं मालक जाताना त्या उनाला हेच म्हणलं असतं, सुदीवर असतं तर. "असं ऊन म्या बगितलं न्हाय." सून म्हणती ते घोंगडं. त्येनंच माज्या माणसाला भाजलं आन ह्येच्या ईटा भिजवल्या. आमच्या दोगांचा मारेकरी एकच निगाला. आन त्या मारेकऱ्याच्या चुलीत लाकडं घालणाऱ्यात ह्यो बी हुता, त्याच धुरानं ह्येचंच नुसकान केलं, आन ह्येला त्ये ठावंच न्हाय.

मला वाटलं राग उतरंल. न्हाय उतरला. म्या म्हणलं, "तुज्या ईटा गेल्या. परत पाडशील. माजा माणूस परत पाडता यील का?"

त्यो मंग म्हणला, "मावशे, मी त्येंना मारलं न्हाय."

"तू सावली मारलीस. आन वर त्येंचं वय काडलंस."

"कवा म्हणलं मी असं?" त्येला आठवत बी न्हवतं. त्येनं मला जास्त झोंबलं.

पंधरा दिसांनी ग्रामसभा. भट्टी परत उभी करायला त्येला ओढ्याची माती पायजे हुती, त्येच्यासाठी ठराव. सरपंच बाई हाय, पर बोलतो तिचा नवरा. आमी बायका पंचायतीच्या पायऱ्यांवर बसलो. सुनंनं आदीच पंचायतीतनं त्येचा जुना कागद मागून घेतला हुता. तिनं उठून वाचला. कागदात माती लिवली हुती. बाभळीचं एक अक्षर न्हवतं.

सरपंचिणीचा नवरा म्हणला, "जाऊ द्या की, जुनं झालं. आता काय ती झाडं परत येणार हायत का?"

सरपंचीण पयल्यांदा बोलली. "तुमी गप बसा. आलीत ती. मी बगून आलीया. कंबरंपातूर आलीत."

भट्टीवाल्याच्या कपाळावर घाम आला. वर तहसिलीत कळवलं तर परवानगीचा कागद जातोय, त्येला ठावं. त्यो म्हणला, "बोला मावशे, काय पायजे? भरपाई?"

"पैसा नगं तुजा. ओढ्याला हात लावायचा न्हाय. माती तुज्या रानातली काड. आन हा उनाळाभर त्या रोपांना तू पाणी घालायचं. तुजा टँकर, तुजी बोअर, आन हात बी तुजं. गडी लावायचा न्हाय."

"घालतो. सकाळ-संध्याकाळ घालतो."

"न्हाय. बाराला घालायचं. रोज बाराला."

बाराला का, ते समद्यांना कळलं. त्येला बी कळलं. हो म्हणला.

मंग रोज बाराला त्यो टँकर घिऊन यायचा. टँकर खड्ड्यात उतरत न्हाय, म्हणून हंड्यानं पाणी वाहायचा, रोपापास्नं रोपापातूर. मी बुडक्यावर बसायची, पदर डोस्क्यावर, समोर पाण्याची बाटली. त्येला देत न्हवते. त्येचं तोंड लाल व्हायचं, शर्ट पाठीला चिकटायचा, मधीच वाकून गुडघ्यावर हात टिकवायचा. मी बगायची. सांगायला लाज न्हाय मला, त्ये आठ-दहा दिवस मला भाकरी गोड लागली.

सून म्हणायची, "आत्या, मरंल की त्यो."

"मरत न्हाय. आमच्या शेळीचं दूध प्यालाय. आन मरायला लागला तर तू सांग, तुज्याकडं आकडा हाय."

ती हसली न्हाय ह्या टायमाला. दोन दिसांनी तिनं मला हाताला धरून एका रोपापाशी नेलं. पानं पिवळी. म्हणली, "बोट घाला मातीत." म्या घातलं. वरचं नखभर वलं, खाली राख. "बाराचं पाणी मुळापातूर जात न्हाय. तापलेली जमीन वरच्या वर उडवती. सात रोपं गेली आत्या. मी रोज बगतीया, तुमाला सांगितलं न्हाय."

"मंग हंडं वाडव."

"टँकरभर वतलं तरी उडंल. सकाळी दिस उगवायच्या आदी घातलं तर जगतील."

"मंग त्येला काय? त्यो गार वाऱ्यात येणार, पाणी घालून जाणार. सूड कसला त्यो?"

आन तिथं माज्या सुनंनं मला पयल्यांदा तोंड दिलं. "तुमाला झाडं पायजेत का त्यो तळलेला पायजे? एक काय ते सांगा. दोन्ही हुत न्हाय. मी हे समदं त्येच्यासाठी करीत न्हाय, तुमच्या रागासाठी बी न्हाय. मला दिवस गेल्यात. तुमाला सांगायला चांगला दिवस बगत हुते."

मी मातीत घातलेलं बोट पुसायचं इसरले.

तरी म्या त्या दिवशी भट्टीवाल्याला काय सांगितलं न्हाय. दुसऱ्या दिवशी बी न्हाय. राग म्हंजी काय भाकरी हाय का, परातीतनं ताटात टाकली. तिसऱ्या दिवशी त्यो आला, हंडा उचलला, आन मी बगत बसले. पाणी बुडात पडलं की माती चर्र करायची. पयल्यांदा मला त्येचं तोंड दिसलं न्हाय, ती माती ऐकू आली. आन आणखी दोन रोपं वाळली हुती.

म्या हाक मारली. "उद्यापास्नं पाचाला ये. सकाळच्या."

त्येनं हंडा खाली ठिवला. तोंडावरचा घाम पुसला, आन बाजूला बसायला जागा बगायला लागला. "म्हंजी राग गेला म्हणायचा का, मावशे?"

"राग हाय तितंच हाय. पाणी वाया जातंय म्हणून."

"पाचाला मला उठवत न्हाय."

"मंग ये बाराला. रोपं मेली तर परत बी टाकीन, परत तुलाच पाणी घालायला लावीन. मी मरंपातूर हेच चालंल, बग."

दुसऱ्या दिवशी पाचाला टँकरचा आवाज आला. मी आदीच बुडक्यावर बसले हुते. सून चहा घिऊन आली, दोन कप हुतं. एक माजा. दुसरा तिनं टँकरच्या पायरीवर ठिवला, माज्याकडं न बगता. म्या बगितलं, आन माजा कप उचलला.

त्येनं पयल्यापास्नं सुरवात केली. दिस वर यायच्या आत शेवटच्या खड्ड्यापातूर गेला, हंडा खांद्यावर टाकून गाडीकडं निगाला. मी उठून त्येच्या मागनं एक एक रोप बगत गेले, मातीत बोट घालून. ओढ्याच्या वळणावरचं एक रोप वरवरच भिजलं हुतं.

"ए," म्या म्हणलं, "माघारी ये. हे ऱ्हायलंय."